डब्याची पिशवी

तळेघरहून सकाळच्या एसटीनं मंचरला लेकीचा डबा जायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. गेला महिनाभर तो प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कापडी पिशवीत येत होता. कापड गडद निळं. एकदा डबा काढताना गेणूच्या हाताला आतल्या बाजूला खिसा लागला. शर्टाचा खिसा.

"ह्यो शर्ट कुणाचा?" त्यानं बायकोला विचारलं.

"पोरीलाच जाऊन इचारा," सरूबाई भाकरी थापत म्हणाली.

वृषाली कॉलेजात गेल्याला दोन वर्षं झाली होती, पण गेणूनं तिची खोली पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर तोही एसटीत बसला. खोलीच्या दाराबाहेरच्या चपला त्यानं आधी निरखल्या. आत जाऊन दोरीवरचे कपडे पाहिले, खाटेखाली वाकून पाहिलं. मग पिशवी लेकीपुढं धरली. "शर्ट कुणाचा?"

वृषालीनं पिशवी हातात घेऊन उलटी केली.

"तुमचाच की, आण्णा. मी प्लास्टिक वापरायचं सोडलंय. पिशवी शिवायला आईनं तुमचा जुना शर्ट डब्यासोबत धाडला होता. विटलेली बाजू आत घेतली, म्हणून ओळखू येत नाही."

घरी येताच गेणू बायकोवर डाफरला. "तुला समदं ठावं व्हतं. मग बोलली का न्हाईस?"

सरूबाईनं पिशवीची घडी घातली.

"बोलले असते, तर तुमी पोरीकडं गेला असता का?"