चाळीस रिकाम्या खुर्च्या

अराबाने आक्रा शहरातल्या मोठ्या कलादालनात, तिकडे मयताला मांडतात तशा चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सगळ्या रिकाम्या. तिचा बाप होडी घेऊन समुद्रावर गेला त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि "प्रेत सापडलं नाही, तर मयत कसलं?" म्हणत तिच्या आईने, एकुआबाईने, घरात कुणाला रडूसुद्धा दिलं नव्हतं.

मासळीची भट्टी शेजारणीवर सोपवून आलेली एकुआबाई दालनाच्या दारातच कडाडली, "याला कला म्हणतात होय गं? मंडपवाल्याकडे ढिगाने पडल्यात असल्या खुर्च्या! आणि माणसं कुठायत?"

"माणसं नाहीतच, आई. तेच तर दाखवायचंय."

"म्हणजे कामही अर्धंच केलंस!"

असं म्हणून बाई पुढे झाली. मयताच्या रीतीप्रमाणे उजव्या टोकापासून सुरुवात करून, एकेका रिकाम्या खुर्चीपुढे हात करत, जणू बसलेल्या माणसाचा हात हातात घेत ती शेवटपर्यंत गेली. विधवेसाठी वेगळ्या ठेवलेल्या खुर्चीत बसली आणि हमसून हमसून रडली. बघ्यांना तो खेळातलाच भाग वाटला. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अराबा भट्टीपाशी येऊन चाचरत म्हणाली, "आई, दालनवाले तुझ्यावर जाम खूश आहेत. म्हणतात, बाईंना महिनाभर रोज घेऊन या."

एकुआबाईने जाळीवरचा मासा पलटला.

 

"त्यांना सांग, तुझ्या बापाचं मयत काल झालं."