मदत करायची नाही

“कोणीही बोलायचं नाही,” सरांनी बजावलं. “आजोबा अडले, चिडले, चुकले, तरी मदत करायची नाही. माणूस चुकला की चूक पडद्याची. ती कुठे आहे, तेवढंच बघा.”

ॲपचे पडदे कसे आखायचे, हा सरांचा विषय. आणि त्यात ते कोणाची गय करत नसत. वर्गातल्या एका मुलीचा तर जीव टांगणीला लागला होता. या विषयात ती दोनदा नापास झाली होती; आज तिचं ॲप फसलं की वर्ष हातचं गेलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना पटकन मदत मागवता यावी, म्हणून तिने ते आखलं होतं. अजून नुसती चित्रंच होती. बटण दाबलं की पुढचं चित्र यायचं, एवढंच.

चाचणीसाठी सरांनी स्वतःच्या वडिलांना आणलं होतं. लिफ्ट बंद, म्हणून तीन जिने चढवून.

“मला नाटक जमत नाही रे,” खुर्चीत टेकत आजोबा म्हणाले.

“नाटक कसलं, बाबा? छातीत दुखतंय असं समजा आणि मदत मागवा. मिनिटभराचं काम आहे.”

एका मिनिटाचं घड्याळ सुरू झालं. आजोबांनी टॅबलेट डोळ्यांजवळ धरला. भलत्याच पानावर शिरले, परत आले, पुन्हा तिथेच शिरले. कपाळावर घाम जमला. डावा हात छातीशी गेला.

“भारी करतायत,” मागच्या बाकावर कोणीतरी कुजबुजलं.

“सापडत नाहीये,” आजोबा पुटपुटले. “बाळ, कुठे आहे ते?”

मुलगी उठली. सरांनी डोळे वटारले तशी मुकाट्याने बसली. तिला रडू येत होतं. बटण तिनेच कोपऱ्यात, फिकट करड्या रंगात ठेवलं होतं, दिसायला छान म्हणून.

चौपन्नाव्या सेकंदाला आजोबांचं बोट बटणावर पडलं. पडदा हिरवा झाला. ‘मदत निघाली आहे.’

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मुलीच्या जिवात जीव आला. सरांनी वहीत वेळ टिपली आणि चक्क हसले.

“म्हणे नाटक जमत नाही,” असं म्हणत ते वडिलांच्या हातातला टॅबलेट घ्यायला गेले.

आजोबांनी तो सोडला नाही. हिरव्या पडद्यावरची नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, “किती वेळात येतील रे ते?”