कापसाचा बोळा

छोट्या विमानाचं इंजिन आचके देऊ लागलं तेव्हा खाली देवबागची वाळू पर्यटकांनी फुलली होती. उतरायला जागा नव्हती. “डावी टाकी भरलेली आसा, पप्पा,” ब्लेझ पुटपुटला. जन्मभर होडी चालवलेले पेद्रू लेकाच्या विमानात पहिल्यांदाच बसले होते. “आसतलीच. पंखाखालच्या नळयेतसून थेंब गळत होते. मी बोळो कोंबलंय, होडयेत कोंबतंय तसो.” ब्लेझने काचेतून पाहिलं. हातभर अंतरावर कापसाचा बोळा दिसत होता. त्या नळीतून हवा आत गेल्याशिवाय टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे उतरतच नाही. उड्डाणानंतर डावी टाकी बारा मिनिटंच टिकली होती. समोरच्या वाऱ्यात धावपट्टी पंधरा मिनिटांवर होती. त्याने खटका उजव्या टाकीवर वळवला. इंजिन सावरलं, तसा त्याने श्वास सोडला. पेद्रूंनी त्याचा खांदा थोपटला. “भिव नको, पुता. उजवे नळयेत पण बोळो घातलंय. घट्ट.”