बंदराकडची तीन पार्सलं

सनूरीने शेजारच्या खुर्चीवर आपलं हेल्मेट ठेवून चास्मादीसाठी जागा धरली होती. कामगार कचेरीतली सुनावणी सुरू होऊन पाऊण तास झाला, तरी चास्मादीचा पत्ता नव्हता.

समोरच्या बाकावर घरोघर पार्सलं पोचवणाऱ्या पिवळ्या जाकिटांच्या कंपनीचे आणि जांभळ्या जाकिटांच्या कंपनीचे साहेब मांडीला मांडी लावून बसले होते. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे हे दोघे. एकाने पार्सलचा दर शंभर रुपियांनी पाडला की दुसरा दीडशेने पाडणार, आणि दोघेही ती तूट पार्सलं पोचवणाऱ्यांच्या खिशातून काढणार. पण दोन्हीकडच्या पोरांनी मिळून अर्ज केला म्हटल्यावर दोघांचं लगेच गूळपीठ जमलं.

अर्ज सव्वीस जणांचा होता. मागणी एकच, आम्हाला नोकर म्हणा. म्हणजे आजारपणात रजा मिळेल, अपघातात खर्च मिळेल, मनात येईल तेव्हा दर कापता येणार नाही. कंपन्या म्हणत होत्या, हे नोकर नाहीतच, हे आमचे भागीदार. अर्जावर पहिली सही सनूरीची होती, दुसरी चास्मादीची. हरलो तर उद्यापासून सनूरीच्या फोनवर काम येणार नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"बू," पिवळ्या कंपनीचे साहेब सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंना अदबीने म्हणाले, "नोकर कधी दुसऱ्याच्या दुकानचा माल वाहतो का? हे बघा."

त्यांनी टेबलावर एक फोटो सरकवला. फोटोत सनूरी होता. अंगात पिवळं जाकीट, मोटरसायकलवर जांभळ्या कंपनीच्या पार्सलांची दोन पोती आणि तोंडभर हसू.

यू तार्सी या चहावाल्या बाईच्या टपरीसमोरचा फोटो होता तो. गेली सात वर्षं रोज सकाळी पिवळ्या कंपनीचा सनूरी आणि जांभळ्या कंपनीचा चास्मादी तिथे पार्सलांची अदलाबदल करत. बंदराकडची सनूरी नेई, वीटभट्ट्यांकडची चास्मादी, मग ती कुठल्या का कंपनीची असेनात. दोघांचंही पेट्रोल वाचे. पार्सल पोचलं की घेणाऱ्याचा फोटो काढून दुसऱ्याला पाठवायचा, म्हणजे तो आपल्या कंपनीला दाखवायला मोकळा. गावातले सगळेच असं करत आणि कंपन्यांना सुगावा लागू देत नसत. आजही जांभळी तीन पार्सलं सनूरीच्या पेटीत होती. सकाळीच चास्मादीने ती हातात ठेवली होती. "तू हो पुढे, कांग, मी आलोच." सनूरीला तो कांग, म्हणजे दादा, म्हणे.

"फोटो कोणी काढला?" बाईंनी विचारलं.

"साक्षीदार बाहेरच आहे."

दार उघडून चास्मादी आत आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात जांभळ्या कंपनीच्या मुकादमाचं नवंकोरं ओळखपत्र. हेल्मेट ठेवलेल्या खुर्चीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो साहेबांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"आम्ही आमचे मालक आहोत, बू," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. "कुणाचा माल न्यायचा ते आमचं आम्ही ठरवतो."

"मालक म्हणे! अंगातला शर्ट तरी स्वतःचा आहे का विचारा," मागून कुणीतरी म्हणालं.

सनूरी उठला. आवाज चढवायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, पण तो चढलाच. "फोटो कुठल्या दिवसाचा ते पण सांग की! तुझ्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. रजा मागितलीस तर तुझे साहेब म्हणाले, आज गाडी काढली नाहीस तर उद्या येऊ नकोस. म्हणून तुझी पोती मी उचलली. वर तूच म्हणालास, हस कांग, पोराला दाखवीन मोठा झाल्यावर, त्या दिवशी कोण धावून आलं ते. मालकाला रजा मागावी लागते होय रे?"

बाईंचं पेन थांबलं. त्या चास्मादीकडे वळल्या. "हे खरं आहे? रजा नाकारली होती तुम्हाला?"

त्याच्या एका 'हो'ची गरज होती. अर्जातली बाकीची पंचवीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. चास्मादीने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"रजा कसली, बू? मला तर असं काही आठवत नाही."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते सनूरीने तोवर नुसतं ऐकलं होतं. बाईंनी दुसरा काही पुरावा आहे का विचारलं. नव्हता. रजा तोंडी मागितली होती आणि तोंडीच नाकारली होती. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आवारात सनूरी मोटरसायकलचं कुलूप काढत होता, तेव्हा चास्मादी जवळ आला. नजर मात्र जमिनीवर.

"पोर लहान आहे, कांग. मुकादमाला पगार असतो. रजा असते."

सनूरीने कुलूप काढून खिशात टाकलं.

"आणि... मुकादमी उद्यापासून आहे. बंदराकडची ती तीन अजून माझ्याच नावावर आहेत. दुपारच्या आत पोचवून फोटो पाठवशील ना?"

सनूरीने पेटी उघडली. तिन्ही पार्सलं बाहेर काढली आणि शेजारीच लावलेल्या जांभळ्या कंपनीच्या साहेबांच्या मोटारीच्या टपावर एकावर एक नीट रचून ठेवली.

"माझा हसरा फोटो तुझ्याकडे आहेच की, तोच दाखव कंपनीला," तो म्हणाला आणि त्याने हेल्मेट डोक्यात घातलं.