चहा कुठं ठेवला

शेषेरावांची जुनी कार गॅरेजच्या दारात उभी होती आणि हिवताप भरल्यागत थरथरत होती. "रेस दिली की बरी चालती. सोडली की हे असं!" शेषेराव तोंड जवळ आणून ओरडले. रानात हाका मारायची सवय, दुसरं काय, जिलानी मिस्तरी मनात म्हणाला. हल्ली सगळीच गिऱ्हाइकं ओरडून बोलायची, आणि ते त्याला सोयीचंच पडायचं.

एके काळी जिलानीच्या कानाचं मुखेडात मोठं नाव होतं. इंजिनाचा आवाज ऐकला की रोग सांगायचा पठ्ठ्या. तीन वर्षांपूर्वी तो कान मंदावला. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, बेगमबीला. बहिऱ्या मिस्तरीकडं गाडी आणणार कोण? गॅरेजला कुलूपच लागलं असतं.

तोड बेगमबीनंच काढली. घर गॅरेजच्या मागंच, मध्ये नुसता पत्रा. तीस वर्षं इंजिनं ऐकून ऐकून तिचा कान असा तयार झाला होता की विचारूच नका! गाडी आली की ती चुलीपाशी बसून ऐकायची. मग चहा घेऊन यायची आणि उघड्या बॉनेटखाली, जिथं बिघाड असेल त्याच्या शेजारी कप टेकवायची. कधी प्लगजवळ, कधी कार्बोरेटरजवळ. जिलानी घोट घ्यायचा, मोठ्या विचारात पडल्यासारखी मान डोलवायचा आणि पाना उचलायचा.

पण आज बेगमबी भाचीच्या मंगनीला देगलूरला गेलेली. आली का पंचाईत!

त्यानं इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. प्लग मेलेला असेल तर वायर काढली तरी थरथर तेवढीच राहते. इथं हाताखाली चारही वेळा ती वाढली. म्हणजे प्लग ठणठणीत. कुठला तरी रबरी पाइप चिरून हवा ओढत असणार. पण ती बारीक शिट्टी ऐकायला कान पाहिजे. जिलानीनं वाकून वाकून ऐकलं. काही म्हणता काही नाही. त्याचा जीव घाबराघुबरा झाला. आज आपलं पितळ उघडं पडणार!

"उद्या या," फडक्याला हात पुसत तो म्हणाला. "इंजिन गार व्हायला पायजे."

शेषेराव काही हलले नाहीत. त्यांनी गाडी बंद केली, बाकड्यावर मांडी ठोकली आणि पिशवीतून भाकरी काढली.

"उद्या कामून?" ते ओरडले. "देगलूरची एसटी पाचला येती. भाभीला येऊ द्या की."

जिलानी त्यांच्या शेजारी बाकड्यावर टेकला. "म्हंजे... तुमाला माहीत हाय?"

"आवो, सगळ्या तालुक्याला माहीत हाय!" शेषेराव खदखदून हसले. "एका मजुरीत दोन मिस्तरी आनखी कुठं मिळत्यात?"