तिसरं मैदान

चेंडू अल्फान्सोच्या बोटांना चाटून आत गेला. तो चिखलात गुडघ्यावर पडला, तो उठेचना. दोघांनी बगलेत हात घालून त्याला उभं केलं. गोलच्या मागे, माडांच्या पलीकडे दर्या गाजत होता. ती गाज ऐकत त्याने उरलेला खेळ एका पायावर काढला. चार गोल झाले. आणि पुढच्या रविवारीही त्या खांबांमध्ये त्यालाच उभं राहायचं होतं.

संघ भाईंदरच्या एका मिठागर कंपनीचा. खेळाडू पगारी. पहिलं मैदान स्टेशनामागे, सुकलेल्या मिठागरात होतं. उधाणाची भरती आली की खेळ थांबायचा. मग चेण्याला, डोंगराच्या पायथ्याशी दुसरं झालं. अल्फान्सोच्या उमेदीची वर्षं तिथे गेली. त्याच्या हातात आलेला चेंडू सुटत नसे. उत्तनचे हात आहेत, जाळं ओढलेले, असं लोक म्हणत. बेचाळीस साली ते मैदान लष्कराने घेतलं, आणि कंपनीने उत्तनला हे तिसरं केलं. ही जागा म्हणजे त्याच्या बायकोला, डॉरिसला बापाकडून आलेलं भाताचं शेत. संघ पुण्याला खेळायला गेला असताना तिने परस्पर करार करून टाकला होता. ऐन टंचाईत पिकतं शेत दिलं, म्हणून अल्फान्सोने आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता.

आता त्याला सुटायचं होतं. वय अडतीस, गुडघा कामातून गेलेला. थोरला भाऊ सॅम्युएल नारळी पुनवेला होडी काढणार होता. त्याला सुकाणूवर भरवशाचा माणूस हवा होता, आणि त्या कामाला पळावं लागत नाही. पण संघ आपण होऊन सोडला तर कंपनीची खोली त्याच दिवशी जाणार, कंपनीच्या दुकानातला तांदूळ बंद होणार. घरचं शेत तर चुन्याच्या रेघांखाली गेलेलं. कंपनीने राजीखुशीने सोडलं, तरच नाताळपर्यंत डोक्यावर छप्पर राहणार होतं.

त्याने तीनदा अर्ज दिला. संघाचे सेक्रेटरी लीलाधरभाई तो वाचायचे, खणात टाकायचे आणि रविवारच्या यादीत पुन्हा त्याचंच नाव लिहायचे. दोन तरणे गोलकीपर बाहेर बसून असत. लंगड्या माणसाला कंपनी का धरून ठेवते, हे अल्फान्सोला कळत नव्हतं. रस्ता मात्र कुठूनच सापडत नव्हता.

सोमवारी तो चौथा अर्ज घेऊन गेला आणि उत्तर मिळेपर्यंत उठणार नाही म्हणाला. दुपारपर्यंत तो तसाच बसला. शेवटी लीलाधरभाईंनी कपाट उघडलं आणि एक कागद त्याच्यापुढे ठेवला.

"मला काय हौस आहे तुला नाचवायची? हा करार बघ. तू टीममध्ये आहेस तोपर्यंत जमीन कंपनीची. तू गेलास की शेत तुझ्या बायकोला परत. आता चौथं ग्राउंड मी आणू कुठून?"

खाली डॉरिसची सही होती, शाळेत गिरवलेल्या टपोऱ्या अक्षरांत.

तो घरी आला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. त्याने कागदाचं सांगितलं. तिने नाही म्हटलं नाही. अट मीच घातली, म्हणाली. त्या अटीसाठीच शेत दिलं. तिचा बाप ती नऊ वर्षांची असताना दर्यावर वादळात गेला होता. भाऊ स्वतःच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी होडीसकट बुडाला. तरणाच दर्यात गेलेला आजा कसा दिसायचा, हे घरात कुणाला आठवतही नव्हतं. अल्फान्सोला हे सगळं ठाऊक होतं. ते या मैदानापर्यंत येऊन पोचेल, असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

दुखरा पाय लांब करून तो दाराशी बसला.

"मना कवापर्यंत आसा उभा करून ठेवशील?" त्याने विचारलं.

डॉरिसने सूप खाली ठेवलं.

"तू म्हातारा होशील तवर," ती म्हणाली. "मना म्हातारा नवरा पायजे. आमच्या घरात आजून कुनालाच मिलला न्हाय."