टोंगाराच्या अंगावरची चादर

सयाजीनं कॅसेट उलटीपालटी करून पाहिली आणि खुदकन हसला. बापापेक्षा पोरगी पुढची निघाली म्हणायची. हिनं तर कंपनीचं चंदेरी स्टिकरसुद्धा डुप्लिकेट मारलं होतं.

सोलापूरच्या नवी पेठेत त्याच्या व्हिडिओ गेमच्या दुकानासमोर धोंडप्पाच्या पोरीनं, वैजयंतीनं, टपरी टाकली होती. विकायला एकच खेळ. टोंगारा हा सिनेमातला जपानी राक्षस, जन्मभर टोकियो तुडवत आलेला. हिच्या खेळात तो हुतात्मा चौकात उतरायचा, गिरणीची चिमणी उपटायचा आणि दमला की सोलापुरी चादर अंगावर ओढून तलावाकाठी आडवा व्हायचा. आपलं गाव टीव्हीवर तुडवलं जाताना बघायला टपरीवर रीघ लागली. सयाजीच्या दुकानात माश्या.

खेळ खोटा आहे याबद्दल त्याला शंकाच नव्हती. सोलापुरी चादरीची नक्कल परगावी होते आणि परगावच्या मालाची सोलापुरात, एवढं बाजारानं त्याला शिकवलं होतं. जपानची कंपनी राक्षसाला आपली चादर पांघरेल? ते काय खुळे हायत?

धोंडप्पा पूर्वी अशाच बिनपरवान्याच्या कॅसेटी विकायचा. सयाजीचा तो दोस्त, एका आगटीतला हुरडा खाल्लेला. पण सयाजी त्या जपानी कंपनीचा अधिकृत विक्रेता झाला आणि पहिली खबर त्यानं दोस्ताचीच दिली. कॅसेटी चौकात रोडरोलरखाली गेल्या. सयाजीनं धोंडप्पाला ते उभं राहून बघायला लावलं, वर जमलेल्यांना चहा पाजला. लहानगी वैजयंती बापाचं बोट धरून उभी होती. मग धोंडप्पा जवळच्या कुंभारी गावात वॉचमन झाला, आणि पोरगी पुण्याला कॉम्प्युटरचं कायतरी शिकली, एवढं सयाजीच्या कानावर होतं.

या खेपेला रोडरोलर नको, उपाशी मारू, असं त्यानं ठरवलं. एक कॅसेट दिल्लीला धाडली आणि हुबेहूब नकला खोकी भरून मागवल्या. चित्र तेच, चंदेरी स्टिकरही तेच. किंमत निम्मी. टपरीवरची रीघ रस्ता ओलांडून अलीकडं आली.

एका दुपारी वैजयंती आली. चप्पल पायरीखाली काढून उभी राहिली.

"काका, ह्या कॅसेटी विकू नका. एकदाच सांगायला आले."

"तुझ्या बापाकडं लायसन होतं का गं?"

"न्हवतं."

"मग चोराच्या घरी चोरी झाली तर बोंब कुणाकडं मारणार? कंपनीकडं? नंबर देऊ?"

"हाय माझ्याकडं." ती चप्पल घालता घालता थांबली. "परत रोडरोलर आला तर, काका?"

"मी स्वतः चहा पाजीन की."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात धोंडप्पा टपरीवर दिसू लागला. वैजयंतीनं त्याचं स्टूल मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून ठेवलं होतं. म्हातारा तिथं बसून शेंगा फोडायचा आणि सयाजीच्या दुकानाकडं बघत राहायचा. बघू दे, सयाजी मनात म्हणाला, बघायची सवय हाय त्याला.

मग एका सकाळी पांढरी गाडी आली. दोन पोलीस उतरले, आणि छातीवर टोंगाराचा बिल्ला लावलेला कंपनीचा साहेब. सयाजीनं खोकी पायानं काउंटरखाली सरकवली. तशी धास्ती नव्हती. डोक्यावर अधिकृत विक्रेत्याची पाटी होती. रंग उडालेला, कंपनीकडून कित्येक वर्षांत साधा फोनही नाही, पण पाटी ती पाटी. त्यानं शेजारपाजारच्यांना हाका मारून गोळा केलं, सगळ्यांना चहा सांगितला आणि पायरीवर येऊन बोट दाखवलं.

"साहेब, ती बघा टपरी. बापलेक दोघंबी हजर हायत."

साहेब टपरीकडं गेला. धोंडप्पानं शेंगा फोडायचं थांबवलं. वैजयंती उठून उभी राहिली.

साहेबानं तिला वाकून नमस्कार केला.

"मॅडम, आपल्या खेळाच्या नकला विकणारं दुकान कुठलं म्हणालात?"